पस्तिसावी खेळी राहू द्या, तेविसावी बघा

पत्र

सर, नमस्कार. शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. वय ४३. शाळेत असताना बुद्धिबळ खेळायचो, मग सुटलं. नववीतल्या मुलीनं क्लास लावला आणि मला परत नाद लागला. रात्री जेवण झालं की मोबाईलवर ग्रँडमास्टर लोकांचे डाव बघतो. बघताना सगळं पटतं. पण स्वतः खेळायला बसलो की दहा-बारा खेळ्यांनंतर पुढं काय करायचं तेच कळत नाही, मग काहीतरी सरकवतो. ऑनलाइन रेटिंग बाराशेच्या आसपास येऊन तिथंच बसलंय. एका मित्रानं सांगितलं म्हणून ओपनिंगचा कोर्स विकत घेतला, तर पाठ केलेलं समोरचा खेळतच नाही. मुलगी म्हणते, बाबा, ते जुने डाव बघून काय होणार, इंजिन (बुद्धिबळाचा संगणक प्रोग्राम) लावा, ते सगळं सांगतंय. मोठ्या खेळाडूच्या डावातनं नेमकं शिकायचं काय आणि कसं? कुणाचे डाव बघू? या वयात काही फरक पडेल का? सोबत परवा हरलेला डाव लिहून पाठवतोय. दोघांकडं एकेक हत्ती आणि पाच-पाच प्यादी होती, बरोबरी धरून चाललो होतो. एक प्यादं राखता राखता सगळाच डाव गेला.
– हत्तीवाला, उद्यमनगर

उत्तर

हत्तीवाले, नमस्कार.

‘बघताना सगळं पटतं’ असं तुम्ही सहज लिहून गेलात, पण अडचण तिथंच आहे. मोबाईलवर समालोचक आधी खेळी दाखवतो, मग तिचं कारण सांगतो, आणि तुमची मान हलते. पटावर बसल्यावर खेळी कुणी दाखवत नाही. तिथं आधी कारण शोधायचं असतं, मग त्यातनं खेळी निघते. रात्री तासभर तुम्ही मान हलवायचा सराव करता, आणि डावात ते काम कुणी मागत नाही. मग बाराव्या खेळीनंतर हात अडणारच.

पुढचा महिनाभर ते व्हिडिओ बंद करा. एकच डाव घ्या. तुमचा हरलेला डाव बघून मी तो मुद्दाम निवडलाय: कापाब्लांका विरुद्ध टार्टाकोव्हर, न्यूयॉर्क, १९२४. पांढरी मोहरी कापाब्लांकाची. डाव ५२ खेळ्यांचा आहे, इंटरनेटवर सहज मिळतो. क्यूबाचा कापाब्लांका तेव्हा जगज्जेता होता, १९२१ साली लास्करला हरवून झालेला. आठ वर्षं तो एकही डाव हरला नव्हता, आणि याच न्यूयॉर्कच्या स्पर्धेत रिचर्ड रेटीनं त्याला हरवलं. त्याच स्पर्धेतला हा डाव.

या डावाबद्दल कुणालाही विचारा, तो पस्तिसावी खेळी सांगेल. राजा जी-३ (पटाच्या उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८). प्यादी फुकट सोडून राजा पुढं चालत सुटतो, ते बघून लोक टाळ्या वाजवतात. खेळी तशी आहेच. पण तुम्हाला मी सांगेन, ती तूर्त बाजूला ठेवा. तुमचं शिक्षण तेविसाव्या खेळीपासून पुढच्या बाराएक खेळ्यांत आहे. तिथं कुणी टाळ्या वाजवत नाही, म्हणून व्हिडिओवाले तो भाग भरभर पळवतात.

सुरुवात डच डिफेन्सची आहे, ती भराभर खेळून टाका. तिच्यात आत्ता वेळ घालवू नका. बाविसाव्या खेळीनंतर थांबा आणि पट नीट बघा. पांढऱ्याचा राजा जी-२ वर, वजीर ई-४ वर, एक हत्ती ई-१ वर, दुसरा अजून ए-१ वरच. हा दुसरा हत्ती डाव सुरू झाल्यापासून जागचा हललेला नाही, एवढं लक्षात ठेवा. पांढऱ्याकडं उंट आहे, काळ्याकडं घोडा. सी पट्टीवर पांढऱ्याची दोन प्यादी एकामागं एक अडकलीत, सी-३ आणि सी-४. काळ्याचा घोडा ए-५ वर बसून त्यांच्यावर डोळा ठेवून आहे. काळ्याचा राजा एफ-८ वर, आणि त्याच्यापुढं जी-६ आणि एच-७ ही दोन प्यादी.

तुम्ही इथं काय खेळला असता? खरं सांगा. माझा अंदाज, बाराशेच्या आसपासचे दहापैकी आठ खेळाडू सी-४ कडं बघत बसतील. ते प्यादं कमजोर आहे, घोडा त्यावर आहे, म्हणजे काहीतरी राखायला हवं. मग उंट तिथंच धरून ठेवायचा, हत्ती मागं आणायचा, आणि एकदा राखायला बसलं की पुढचा अर्धा तास राखण्यातच जातो.

कापाब्लांकानं एच-२ वरचं प्यादं दोन घरं पुढं सरकवलं. एच-४. पटाच्या पार दुसऱ्या टोकाला.

का? काळ्याचा घोडा कुठं आहे ते बघा. डाव्या कडेला, ए पट्टीवर. तो सी-४ ला त्रास देतो हे खरं, पण त्याच कारणानं तो स्वतःच्या राजापासून लांब आहे. उजवीकडं काळ्याच्या राजाला सोबतीला थोडीच मोहरी आहेत. मग भांडण उजवीकडं काढायचं. त्यासाठी पाहिजे एक उघडी पट्टी, आणि काळ्यानं विसाव्या खेळीला वजिराच्या भीतीनं प्यादं जी-६ वर आणून ती पट्टी उघडायची सोय स्वतःच करून दिलीय. पांढऱ्याचं एच प्यादं चालत एच-५ ला आलं की ते जी-६ ला भिडणार, मारामारी होणार आणि एच पट्टी मोकळी होणार. त्या पट्टीवर यायला एक हत्ती ए-१ वर विश्रांती घेत बसलेलाच आहे. आणि आदल्याच खेळीला राजा जी-२ वर का गेला? राजा पहिल्या ओळीवरनं हटला; आता ई-१ चा हत्ती उठला की ए-१ पासून एच-१ पर्यंत रस्ता साफ. ही एवढी साधी खेळी बघताना तुम्ही नक्की पळवली असणार.

कोल्हापुरात बसून इथं कुस्तीचं उदाहरण द्यायचा मोह होतो, पण प्रत्येक विषय खासबाग मैदानात नेऊन उतरवायची आपल्याला खोडच आहे. तुमच्या लेथवरच येऊ. जॉब चकात बांधायचा, डायल लावायचा, हळूहळू ठोकत सेंटर काढायचं, यात तुमचा किती वेळ जातो? गिऱ्हाईक तेव्हा चहा प्यायला जातं. परत येतं तेव्हा कट चालू असतो, चकाकणारी चिप निघत असते, आणि त्याला वाटतं काम आत्ता चाललंय. कापाब्लांकानं राजा जी-२ वर नेला आणि एच प्यादं सरकवलं, ते सेंटर काढणं होतं.

यानंतर टार्टाकोव्हरनं डी-५ करून वजिरांची मारामारी होऊ दिली. २६ खेळ्या झाल्या तेव्हा दोन्ही वजीर आणि दोन हत्ती पटाबाहेर. उरलं काय? प्रत्येकी एक हत्ती आणि सहा प्यादी, पांढऱ्याचा उंट, काळ्याचा घोडा. मोजायला गेलं तर सगळं सारखं. पांढऱ्याची सी-३ आणि ए-४ ही प्यादी तर वर कमजोर. ‘बरोबरी’ म्हणून हात मिळवायची ही जागा. पण इथं वही काढा आणि प्यादी न मोजता प्रत्येक मोहरा काय काम करतोय ते लिहा. पांढऱ्याचा हत्ती दोन खेळ्यांत उघड्या पट्टीवर येऊ शकतो. काळ्याच्या हत्तीपुढं एफ पट्टीवर पांढऱ्याचं एफ-४ चं प्यादं आडवं आहे. पांढऱ्याच्या उंटाचं तोंड जी-६ कडं आहे. काळ्याचा घोडा अजून कडेलाच. आता सारखं वाटतंय का?

सत्ताविसावी खेळी एच-५. अठ्ठाविसावीला मारामारी झाली, पट्टी उघडली. एकोणतिसावीला तो झोपलेला हत्ती ए-१ वरनं थेट एच-१ वर. तिसावीला एच-७. अठ्ठावीस खेळ्या न हललेला मोहरा दोन खेळ्यांत पटावरचा सगळ्यात ताकदवान मोहरा झाला. सातव्या ओळीवरचा हत्ती काळ्याच्या राजाला शेवटच्या ओळीवर कोंडतो आणि त्याच ओळीत सी-७, ए-७ ची प्यादी टिपायला मोकळा असतो. ‘हत्ती सातव्या ओळीवर न्या’ हे वाक्य तुम्ही हजारदा ऐकलं असेल. तो तिथं जाण्यासाठी आधी काय काय करावं लागतं, ते या सात-आठ खेळ्यांत दिसतं.

आता काळ्यानं काय केलं बघा. हत्ती सी-६ वर नेला, म्हणजे सी-३ च्या प्याद्यावर नजर. मग घोडा सी-४ वर. त्याचंही बरोबरच आहे, त्याला ते कमजोर प्यादं दिसतंय. कापाब्लांका तिकडं बघतच नाही. जी-४, जी-५ असं प्यादं ढकलत राहतो. शेवटी टार्टाकोव्हरला धोका कळतो आणि घोडा ई-३ वर शह देत एफ-५ वर परततो. या घरावर घोडा फार चांगला बसलाय. राजाजवळ आलाय, आणि पांढऱ्याला तिकडं सहज घुसता येणार नाही.

चौतिसावी खेळी: उंट घोड्याला मारतो. या खेळीला सहसा कुणी उद्गारचिन्ह, म्हणजे उत्तम खेळीची खूण, देत नाही, आणि माझ्या मते सगळ्या डावातली शिकण्यासारखी खेळी हीच. तुमच्या पातळीवर मारामारी दोन कारणांनी होते: समोर मारता येतंय म्हणून, किंवा भीती वाटते म्हणून. कापाब्लांकानं मारायच्या आधी मारामारीनंतर पट कसा दिसेल ते बघितलं. घोडा गेला म्हणजे काळ्याच्या राजाजवळचा एकमेव कामाचा रखवालदार गेला. काळ्यानं जी-६ च्या प्याद्यानं परत मारलं म्हणजे ते प्यादं एफ पट्टीवर सरकलं, आणि पांढऱ्याचं जी-५ चं प्यादं मोकळं झालं. त्याच्या वाटेत आता एकही काळं प्यादं नाही. उंट देऊन त्यानं फक्त घोडा घेतला असं दिसतं, पण हातात एक सुटलेलं प्यादं आलं.

आणि मग ती पस्तिसावी. पट असा आहे: पांढऱ्याचा राजा एफ-३, हत्ती एच-७, प्यादी ए-४, सी-३, डी-४, एफ-४, जी-५. काळ्याचा राजा एफ-८, हत्ती सी-६, प्यादी ए-७, बी-६, सी-७, डी-५, एफ-५. एकेक हत्ती, पाच-पाच प्यादी. काळा हत्ती सी-३ चं प्यादं खाणार आहे.

हत्तीवाले, हा तुमचाच डाव आहे. घरं वेगळी, पण गणित तेच. तुम्ही पाठवलेल्या डावात समोरच्याच्या हत्तीनं तुमच्या ए-२ वरच्या प्याद्यावर डोळा ठेवला आणि तुम्ही तुमचा हत्ती ए-१ वर नेऊन बसवला. ई पट्टी तुमच्यासाठी उघडी होती, तिच्यावरनं खाली उतरून त्याच्या प्याद्यांच्या मागं जाता येत होतं. प्यादं राखलंत, पण हत्ती पहारेकरी झाला आणि डाव संपेपर्यंत तिथनं उठला नाही. समोरच्याचा राजा निवांत चालत आला, त्याला अडवायला कुणी नव्हतं.

कापाब्लांकानं सी-३ सोडून दिलं. राजा जी-३ वर नेला, म्हणजे काळा हत्ती ते प्यादं वर शह देऊन खाणार. खा म्हणाला. राजा एच-४. काळ्यानं एफ-४ वर हल्ला चढवला. तेही खा. प्यादं जी-६, काळ्यानं एफ-४ खाल्लं शह देत, राजा जी-५, आणि मग राजा एफ-६. दोन प्यादी कमी. पण आता पांढऱ्याचा राजा काळ्याच्या राजासमोर उभा, जी-६ ला प्यादं, एच-७ ला हत्ती, आणि पुढच्या खेळीला हत्ती एच-८ वर आला की मात. काळ्याचा हत्ती दोन प्यादी खाऊन लांब राहिला. त्याच्या राजाशेजारी कोणीच नाही.

एकोणचाळिसाव्या खेळीवर अजून थोडं थांबा. राजा जी-५ वर होता तेव्हा शेजारचं एफ-५ चं काळं प्यादं खाता आलं असतं. त्यानं खाल्लं नाही, त्याच्या पुढच्या घरात, एफ-६ वर, जाऊन उभा राहिला. ते प्यादं आता एफ पट्टीवर राजाच्या पाठीशी उभं आहे आणि त्यामुळं काळ्या हत्तीला खालून एफ पट्टीवरनं शह देता येत नाही. समोरच्याचंच प्यादं स्वतःची ढाल. तीन खेळ्यांनंतर काळ्याचा हत्ती मात टाळायला ई-८ वर जाऊन बसतो, शह द्यायची ताकद राहत नाही, आणि तेव्हा राजा ते प्यादं खातो. मग एकामागं एक. सी-७ आधीच गेलेलं, एफ-५ गेलं, पुढं ए-७, डी-५. बावन्नाव्या खेळीला टार्टाकोव्हरनं डाव सोडला.

आता हे कसं करायचं. खरा पट घ्या, लाकडी नसला तर रेक्झिनचा चालेल, पण मोबाईलचा पडदा नको. मुलीला समोर बसवा. डावाच्या खेळ्या तिच्या हातात, तुमच्याकडं नाहीत. तेविसाव्या खेळीपासून पांढऱ्याची प्रत्येक खेळी तुम्ही आधी वहीत लिहायची आणि तिच्यापुढं एका ओळीत कारण लिहायचं. कारण मराठीत, तुमच्या भाषेत, कुणाला दाखवायचं नाही अशा थाटात. ‘हत्तीला पट्टी पाहिजे’, ‘घोडा त्रास देतोय, काढतो’, ‘काही सुचत नाही, प्यादं सरकवतो’ हेही चालेल. हे शेवटचं कारण जितक्या वेळा येईल तितकं बरं, कारण तुमच्या डावात नेमकं तिथंच भोक आहे. मग मुलगी खरी खेळी सांगेल. जुळली तर पुढं. नाही जुळली तर तुमची चूक शोधू नका, एवढंच विचारा: माझी नजर कशावर होती आणि त्याची कशावर? बहुतेक वेळा तुमची नजर एखाद्या प्याद्यावर असेल आणि त्याची एखाद्या मोहऱ्यावर.

एका बैठकीत सगळं संपवू नका. एका रविवारी तीसपर्यंत, दुसऱ्या रविवारी पुढचं. मधल्या दिवसांत रंकाळ्यावर फिरायला गेलात तर २६ खेळ्यांनंतरचा पट मनात मांडून बघा. कुठलं प्यादं कुठं आहे ते आठवलं नाही, तर समजा की ते तुम्ही बघितलंच नव्हतं. घरी येऊन तपासा.

मग वहीत तुमचे स्वतःचे हत्ती-अखेरीचे (शेवटी राजा, हत्ती आणि प्यादीच उरलेले) डाव काढा, हरलेले आणि बरोबरीत सुटलेले. प्रत्येकात एक जागा शोधा, जिथं हत्तीला राखायला बसवलंत. ती जागा पटावर मांडा आणि प्यादं सोडून देऊन काय झालं असतं ते खेळून बघा. प्रत्येक वेळी सोडणं बरोबरच ठरेल असं नाही. कधी खरंच राखावं लागतं. कापाब्लांकाकडं सुटलेलं प्यादं होतं, सातव्या ओळीवर हत्ती होता आणि राजाला चालायला रस्ता होता, म्हणून त्यानं सोडलं. या तिन्हींपैकी काहीच नसताना प्यादी वाटत सुटलात तर मला दोष देऊ नका.

मुलीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. इंजिन तुमच्या-माझ्यापेक्षा, आणि कुठल्याही ग्रँडमास्टरपेक्षा, फार जबर खेळतं. पण ते आकडा देतं. पांढरा एवढ्यानं पुढं, काळा एवढ्यानं मागं. आकड्याला कारण चिकटलेलं नसतं, आणि तुम्हाला हवंय ते कारण. म्हणून इंजिन शेवटी लावा, वही भरल्यावर. आणि लावताना ते पडद्यावर खेळी दाखवणारे नुसते बाण बघू नका, एखादा नेमका प्रश्न त्याच्यापुढं टाका. सत्ताविसाव्या खेळीला पांढऱ्यानं एच-५ केलं तेव्हा काळ्यानं ते प्यादं खाऊनच टाकलं असतं तर? पांढरा हत्ती एच-१ वर येऊन ते वसूल करतो, आणि मग एच-७ च्या एकट्या प्याद्याकडं हत्ती आणि उंट दोघांचंही तोंड राहतं. हे आधी हातानं शोधा. मग तिथनं पुढं पांढऱ्याकडनं फोनशी खेळा, फोनची ताकद कमी करून. तासभर बाण बघण्यापेक्षा असा एक डाव जास्त देऊन जाईल.

‘जुने डाव कशाला’ याचंही उत्तर तिला देऊन टाका. आजचे दोन ग्रँडमास्टर समोरासमोर बसले की एकमेकांचा बेत तिसऱ्याच खेळीला ओळखतात आणि मोडतात. पटावर बेत पूर्ण झालेला क्वचित दिसतो. दिसतं ते एकमेकांना अडवणं. शंभर वर्षांपूर्वी बचाव इतका घट्ट नव्हता. बेत पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत उघडा दिसतो, आणि आपल्यासारख्याला तोच हवा. तरी तिला आजचं काही हवंच असेल तर सिंगापूरला डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश आणि डिंग लिरेन यांच्यात झालेल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातला चौदावा, शेवटचा डाव काढा. पंचावन्नाव्या खेळीला डिंगनं हत्तीची मारामारी करायला हत्ती एफ-२ वर आणला. बरोबरीकडं चाललेला डाव. त्याचा उंट ए-८ च्या कोपऱ्यात होता हे त्याच्या नजरेतनं सुटलं. गुकेशनं हत्ती मारले, मग उंट डी-५ वर आणून उंटही मारायला भाग पाडलं, आणि उरलेल्या राजा-प्याद्यांच्या अखेरीत काळा, म्हणजे गुकेश, जिंकत होता. अठ्ठावन्न खेळ्यांत १८ वर्षांचा पोरगा जगज्जेता झाला. चौतिसाव्या खेळीपाशी मी मारामारीबद्दल एवढं का बोललो ते या डावात उलट्या बाजूनं दिसेल: मारायच्या आधी उरलेला पट बघितला नाही तर काय होतं.

पुढं कुणाचे डाव? कापाब्लांकाचे अजून चार-पाच, मग रुबिनस्टाइनच्या हत्ती-अखेरी, मग कार्पोव्ह. तालचे डाव आत्ता नकोत. मोहऱ्यामागं मोहरा देऊन टाकण्याची ती मजा वेगळी आहे, पण तुमचा आजार तो नाही. आनंदचे डाव नंतर, तुम्हाला कारण लिहायची सवय लागल्यावर. महिन्याला एक डाव पुरे.

ओपनिंगच्या कोर्सचे पैसे गेले ते गेले. पांढऱ्याकडनं एक आणि काळ्याकडनं दोन सुरुवाती धरून ठेवा आणि पाठांतर सोडा.

रात्री झोपताना पाच मिनिटांचे डाव खेळण्यापेक्षा आठवड्यातनं एक डाव तासाभराच्या घड्याळावर, समोर माणूस बसवून खेळा. आपल्या भागात माणसं मिळतात. शेजारी सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी आयुष्यभर स्पर्धा भरवल्या, त्यातनं बुद्धिबळाचं वेड लागलेली मंडळी सांगली-कोल्हापूर पट्ट्यात अजून भेटतात. तालुक्याच्या एखाद्या खुल्या स्पर्धेत नाव घाला. पहिल्या फेरीत दहा वर्षांचं पोर हरवून जाईल, त्याची लाज बाळगू नका.

वयाचं विचारलंत. न्यूयॉर्कच्या त्या स्पर्धेत जगज्जेता कापाब्लांका ३५ वर्षांचा होता, तो दुसरा आला. पहिला आला इमॅन्युएल लास्कर, वय ५५. तुम्ही ग्रँडमास्टर होणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे. पण हत्ती-अखेर ४३ व्या वर्षी बाराशेवरनं चौदाशेला न्यायला वय आड येत नाही. वही न भरण्याचा आळस येतो.

आणि एक काम मुलीला द्या. पस्तिसाव्या खेळीआधीचा पट मांडायचा, घड्याळ लावायचं, तुम्ही पांढरा, ती काळा. तिला सांगा की टार्टाकोव्हरनं जे केलं तेच करायचं बंधन नाही, हवा तसा बचाव शोध. सी-३ खायचंच असंही नाही. दोन-तीनदा खेळा, मग बाजू बदला. काळ्याकडनं तिनं बरोबरी काढली, तर त्या खेळ्या मला लिहून पाठवायला सांगा, तिच्या अक्षरात.